बॉल जॉईंट घरी बदलावा काय? पैसे वाचवावेत, पण नेमके कोठे?

धंद्याची गाडी हे दुकानाइतकेच मोठे भांडवल असते, हे आपल्या व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको. आठवडी बाजार करणारा कापडवाला, पहाटे मार्केट यार्डात जाणारा फळवाला, बेकरीचा माल पोहोचवणारा, फर्निचर घरपोच करणारा सुतार या सर्वांची रोजी चार चाकांवर फिरते. गाडी एक दिवस उभी राहिली तर एक बाजार बुडतो. म्हणून गाडीवर होणारा खर्च कसा कमी करावा, हा विचार प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो रास्तच आहे. या विचारातूनच हल्ली बरेच जण दुरुस्तीची कामे घरच्या घरी, गल्लीत किंवा अंगणात करू लागले आहेत. ऑईल बदलणे, फिल्टर बदलणे, ब्रेकचे लायनर बदलणे इथपर्यंत ठीक. आता मोबाईलवर चित्रफीत पाहून पुढच्या चाकाचे बॉल जॉईंटही घरी उतरवले जात आहेत. त्याबद्दल आम्हांला चार शब्द लिहावेसे वाटतात. कारण या कामात आमचे हातही काळे झालेले आहेत आणि एकदा आम्ही थोडक्यात बचावलोही आहोत.

आधी तो प्रसंग. आमची जुनी पिकअप लुंग्या आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन मालेगावहून मनमाड, नांदगावच्या बाजारांना जात असे. पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यात टकटक आवाज येऊ लागला. ओळखीच्या गॅरेजमध्ये दाखवले. मिस्त्री म्हणाले, "सेठ, नीचे का बॉल जॉईंट गया." त्यांनी तो बदलला, आम्ही पैसे दिले, आवाज बंद झाला. तीन-चार आठवड्यांनी टायर बदलण्यासाठी चाक काढले तेव्हा सहज वाकून पाहिले. जॉईंटच्या नटात कॉटर पिनच्या जागी एक साधा खिळा वाकवून घातलेला होता. तो खिळाही अर्धा झिजला होता आणि नट दीड आटे मागे आलेला होता. आणखी काही दिवस गेले असते तर भरल्या गाडीचे चाक रस्त्यावर आडवे झाले असते. गाडीत त्या दिवसांत आमचा मुलगा आणि हमाली करणारा एक पोरगा बसत असे.

त्या मिस्त्रींशी आम्ही भांडलो नाही. भांडून काय होणार? ते म्हणाले, "भाईजान, त्या दिवशी पिन संपली होती, उद्या टाकू म्हटलं आणि विसरलो." माणूस वाईट नव्हता. पण ज्या पिनची किंमत चहाच्या एका कपाइतकीही नसते, तिच्यावर सगळे काम लटकलेले असते हे त्यांना कोणी कधी बजावून सांगितले नव्हते. त्यांच्या उस्तादाने त्यांना हातोडा मारायला शिकवले होते. पिन नवी घालायला शिकवले नव्हते.

बॉल जॉईंट म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना ते माहीत नसते. आपल्या खांद्याचा सांधा जसा खोबणीत गोल फिरतो, तसा लोखंडी गोळा एका वाटीत बसवलेला असतो. त्या गोळ्याला निमुळता दांडा असतो. तो दांडा चाकाच्या नकलमध्ये बसतो आणि वाटी सस्पेन्शनच्या आर्मला असते. चाक वर-खाली उडते आणि त्याच वेळी स्टिअरिंगने डावी-उजवीकडे वळते; या दोन्ही हालचाली एकाच सांध्यातून होतात. वर रबराची टोपी असते, तिला बूट म्हणतात. आत ग्रीस असते. बूट फाटला की पाणी आणि माती आत जाते, ग्रीस निघून जाते आणि तो सांधा सहाणेसारखा घासला जाऊ लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात फाटलेला बूट घेऊन चार महिने गाडी फिरली की जॉईंट गेलाच म्हणून समजावे.

सर्वच गाड्यांत हा जॉईंट नसतो, हेही लक्षात ठेवावे. टाटा एस घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिला पुढे अखंड एक्सल आणि पाटे आहेत, तिथे किंग पिनचा हिशेब असतो. जुन्या जीपचेही तसेच. अशा गाड्यांत बॉल जॉईंटच्या जातीचा सांधा असतो तो स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकाला. परंतु मारुती ओम्नी, ईको यांसारख्या गाड्यांत खाली एक आर्म आणि वर स्ट्रट असतो आणि खालच्या आर्मच्या टोकाला बॉल जॉईंट असतो. मोठ्या पिकअप आणि जीपवजा गाड्यांपैकी अनेकांना पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. त्यांत प्रत्येक बाजूला दोन जॉईंट, म्हणजे एकूण चार.

आता मूळ मुद्दा. आमचे मत असे की बॉल जॉईंटची तपासणी प्रत्येक गाडीमालकाने घरी करावी, अवश्य करावी, दर तीन-चार महिन्यांनी आणि पावसाळा संपल्यावर तर न चुकता करावी. मात्र बदलण्याचे काम सर्वांनी घरी करू नये. पैसे वाचतात ते तपासणीत, उशीर टाळण्यात. मजुरीत वाचणारे पैसे त्या मानाने थोडे असतात, आणि त्यासाठी पत्करावा लागणारा धोका काही गाड्यांत फार मोठा असतो.

तपासणीतही लोक चुकतात. पुष्कळ जण गाडी जॅकवर घेतात, चाक हाताने हलवतात, हलले नाही की "सगळं ठीक आहे" म्हणून उतरवतात. इथे गाडीचा भार कोठून जातो हे पाहावे लागते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर काम करीत असेल तर गाडीचे वजन खालच्या बॉल जॉईंटवर येते. अशा गाडीला जॅक चेसिसखाली लावला तर चाक लोंबते, पण स्प्रिंगचा दाब आर्मवर राहतो आणि तो दाब झिजलेल्या जॉईंटला घट्ट धरून ठेवतो. मग ढिलाई दिसणारच नाही. अशा ठिकाणी जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावावा, चाक जमिनीपासून थोडेसे उचलावे आणि टायरखाली पहार घालून हलकेच वर उचलावे. जोडीदाराने जॉईंटवर बोट ठेवावे. दांडा आणि वाटी यांच्यामध्ये वर-खाली हालचाल जाणवली की जॉईंट झिजला आहे. किती हालचाल चालते हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. ओम्नीसारख्या स्ट्रटवाल्या गाडीत वजन वरच्या बाजूला स्ट्रटवर असते. तिथे जॅक चेसिसखाली लावून चाक लोंबकळू द्यावे आणि आर्म व नकल यांच्यामध्ये पहारीने दाब देऊन पाहावे. चाकाचे बेअरिंग ढिले असले तरी चाक हलते, म्हणून हलते आहे ते नेमके काय हे डोळ्यांनी पाहावे. नाहीतर जॉईंट बदलूनही आवाज तसाच राहतो आणि मिस्त्रीला नावे ठेवली जातात.

गाडी स्वतःही सांगत असतेच. गतिरोधकावर टकटक, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना चरचर, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढणे, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने खाल्ला जाणे. टायरचा खर्च जॉईंटच्या कितीतरी पट असतो, हे व्यापाऱ्याला तरी समजायला हवे.

आता घरी बदलण्याविषयी. आमची एक साधी कसोटी आहे. तुमच्या गाडीत स्प्रिंग कोठे बसली आहे आणि जॉईंट सुटला की ती कोणत्या दिशेने उसळेल, हे तुम्हांला बोटाने दाखवता येत असेल तरच पाना हातात घ्यावा. दाखवता येत नसेल तर गाडी गॅरेजला न्यावी, त्यात कमीपणा नाही. दाबलेल्या स्प्रिंगची ताकद माणसाचा जबडा आणि हात मोडण्याइतकी असते. ती खालच्या आर्मवर असेल तर आर्मखालचा आधार क्षणभरही काढता येत नाही.

ज्यांना हे समजते त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाच्या काही गोष्टी. जागा सपाट आणि कडक हवी. आपल्या मोहल्ल्यांतले बोळ उताराचे आणि मातीचे असतात, तिथे जॅक हळूहळू मातीत रुततो. जाड फळी खाली घालावी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. चेसिसखाली लोखंडी घोडी हवीच आणि काढलेले चाकही चेसिसखाली सरकवून ठेवावे. घोडी नसेल तर काम करू नये. विटांची थप्पी ही घोडी नव्हे, वीट अचानक फुटते. आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो : गाडी उघडली की गल्लीतली मुले गोळा होतात. वाकून पाहणे हा त्यांचा हक्कच आहे असे त्यांना वाटते. एका मोठ्या माणसाला फक्त मुले दूर ठेवायला उभे करावे.

जॉईंटचा दांडा नकलमध्ये निमुळता बसलेला असतो आणि वर्षानुवर्षांत तो घट्ट चिकटतो. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे दांडा सुटला तरी आर्म उसळत नाही. सुटवण्यासाठी पुलर वापरावा. पुलर नसेल तर जुने मिस्त्री नकलच्या ज्या भागात दांडा बसला आहे त्याच्या बाजूवर हातोड्याने जोरात ठोकतात. त्याने ती जागा क्षणभर ताणते आणि दांडा सुटतो. ही रीत बरोबर आहे. चूक आहे ती दांड्याच्या आट्यांवर वरून हातोडा मारण्याची आणि गॅसच्या ज्योतीने नकल लाल करण्याची. लाल केलेल्या लोखंडाची मूळची मजबुती जाते आणि ते दिसत नाही. दांडा सुटल्यावर आर्मखाली जॅक घट्ट लावूनच नट काढावा आणि मग जॅक इंच-इंच खाली घ्यावा. नकल ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधून ठेवावी.

काही गाड्यांत जॉईंट आर्मला बोल्टने बसवलेला असतो, काहींत रिव्हेटने, काहींत प्रेसने दाबून. प्रेसने बसवलेला जॉईंट हातोड्याने ठोकून बसवणे म्हणजे नव्या मालाची माती करणे. तो तिरका बसतो, आर्मचे भोकही मोठे होते. आर्म काढून प्रेस असलेल्या टर्नरकडे न्यावा. अनेक लहान गाड्यांत तर पूर्ण आर्मच बदलावा लागतो, आणि घरी काम करणाऱ्याला तेच सोपे पडते. फक्त आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन आल्यावर. लोंबत्या आर्मवर ते आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

नटाविषयी. नवा जॉईंट, नवा नट, नवी पिन. नट कंपनीने दिलेल्या मापाइतका टॉर्क पान्याने आवळावा आणि पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवावे, मागे सैल करून कधीही नाही. ही चूक इतकी सर्रास होते की आम्ही ती चांगल्या गॅरेजमध्येही पाहिली आहे. पिनची दोन्ही टोके वाकवावीत. ज्या गाड्यांत दांडा आडव्या बोल्टने चिमटला जातो, तिथे तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून गेला आहे ना, हे पाहावे. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. नाहीतर वाचवलेली मजुरी टायर खाऊन टाकतो.

आता मालाविषयी, कारण हे पान व्यापाराचे आहे. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात सुट्या भागांचा मोठा व्यापार चालतो आणि आपले कितीतरी बंधू त्यात आहेत. तिथे उत्तम माल मिळतो, आणि त्याच रस्त्यावर हुबेहूब खोक्यातला नकली मालही मिळतो. नवा जॉईंट हातात घेऊन दांडा फिरवून पाहावा. तो थोडा जड पण एकसारखा फिरायला हवा. नव्यातच खडखडतो किंवा कोठे अडकतो तो परत द्यावा. बसवताना दांडा नकलच्या भोकात डुगडुगता कामा नये; डुगडुगला तर माल चुकीचा आहे किंवा नकलचे भोकच खराब झाले आहे. तसा बसवून नटाने आवळून टाकणे हा उपाय नव्हे.

काही ठिकाणी जुना जॉईंट प्रेसखाली दाबून, वरची टोपी आत बसवून 'टाईट' करून दिला जातो आणि पुन्हा विकलाही जातो. तो आठ दिवस गप्प राहतो. ढिला पडलेला गोळा झिजून लहान झालेला असतो, टोपी दाबून तो मोठा होत नाही. हे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना आम्ही स्पष्टच सांगतो की आवाज बंद करून पैसे घेणे ही दुरुस्ती नाही. गिऱ्हाईक आग्रह धरते हे आम्हांला माहीत आहे. "अजून सहा महिने काढून द्या" म्हणणारे गिऱ्हाईक आम्हीच असतो. अशा वेळी जुना जॉईंट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि त्याला स्वतः हलवून पाहायला सांगावे. हातात दांडा लटलट हलला की पुष्कळांचे मन बदलते.

पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. कर कमी झाल्यानंतरही कच्च्या पावतीची सवय सुटलेली नाही. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे आणि गाडी मालवाहू आहे, त्यांना या कराची वजावट मिळू शकते. ती पक्क्या बिलाशिवाय नाही. माल खराब निघाला तर परत देण्याचा आधारही तेच बिल असते. मालवाहू गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी नवे करावे लागते. ते काम दलालाकडून उरकून घेतले म्हणजे जॉईंट घट्ट होत नाही, हेही सांगून ठेवतो.

एक सूचना गॅरेजवाल्या बंधूंना करावीशी वाटते. एकेका मोहल्ल्यात चार-पाच गॅरेज असतात. एका चांगल्या टायरच्या किमतीत एक पुलर आणि एक टॉर्क पाना येऊ शकतो. चौघांनी मिळून हे दोन्ही घ्यावेत, आळीपाळीने वापरावेत. घरी काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला ते माफक भाड्याने द्यावेत आणि देताना नवी पिनही विकावी. कोणी म्हणेल, मग आमच्याकडे गिऱ्हाईक येणार कशाला? आमचा अनुभव उलटा आहे. जो माणूस एकदा स्वतः चिखलात आडवा पडून जॉईंट सोडवतो, तो पुढच्या वेळी मजुरीसाठी घासाघीस करीत नाही. शिकाऊ पोरांनाही पहिल्या वर्षातच टॉर्क पाना हातात द्यावा. आमच्या गाडीतला तो खिळा घालणारा हातही कधीतरी शिकाऊच होता.

उजव्या बाजूचा जॉईंट आम्ही पुढे घरीच बदलला. दोन्ही बाजू एकदम बदलल्याच पाहिजेत असे नाही, पण दोन्ही तितक्याच रस्त्यावर चाललेल्या असतात, म्हणून तपासला तर तोही गेलेला निघाला. सकाळी आठला सुरू केलेले काम असर झाल्यावर संपले. गॅरेजमध्ये ते दोन तासांत झाले असते. पुलर त्याच मिस्त्रींकडून मागून आणला. देताना त्यांनी न मागता कागदात गुंडाळलेल्या दोन कॉटर पिनाही हातावर ठेवल्या.